नऊ मोजेपर्यंत

भाड्याने घेतलेल्या जाकिटाच्या खिशात मला चॉकलेटचा कागद, भिजून वाळलेलं बसचं तिकीट आणि एक हातमोजा सापडला. एकच, डाव्या हाताचा. आंतिग्वातल्या त्या खोलीत छतापर्यंत जाकिटांचा ढीग होता आणि आम्ही बारा जण त्यात आपापल्या मापाचं शोधत होतो. पावसाळ्यात न वाळलेल्या गोधड्यांना येतो तसा वास. भाचीने नाकाला रुमाल लावला. "मावशी, हे तू घालणार?" मी घातलं. 2017 च्या जानेवारीत याच डोंगरावर सहा जण थंडीने गेले, हे मी आदल्या रात्री वाचलं होतं. त्यानंतर वासाचं फारसं काही वाटेनासं झालं.

डोंगराचं नाव अकातेनांगो, देश ग्वातेमाला. उंची 3,976 मीटर. पण एवढा उंच असूनही त्याला बघायला कुणी जात नाही. त्याच्या खांद्यावर बसून शेजारचा फुएगो बघायला जातात. फुएगो म्हणजे आग. स्पॅनिश लोक 1524 मध्ये इथे आले तेव्हाही तो पेटलेलाच होता, आणि गेली वीसेक वर्षं तर जवळजवळ अखंड धुमसतो आहे.

मी साताऱ्याजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवते. सत्तावीस वर्षं झाली, दरवर्षी फळ्यावर ज्वालामुखीचा छेद काढते. खाली शिलारसाची कोठी, मधून नळी, वर मुख, दोन्ही बाजूंना राखेचे आणि लाव्ह्याचे थर. लाल खडू असला तर लाल, नाहीतर गुलाबी. शेजारी तीन रकाने: जागृत, निद्रिस्त, मृत. दोन मार्कांना हमखास. आता गंमत अशी, की तो फळा ज्या भिंतीवर आहे ती भिंत, तिच्या पायातला दगड, शाळेमागचा डोंगर, सगळं लाव्ह्याचंच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून उसळून थरावर थर साचलेला. हे मुलांना सांगून पटत नाही. खरं सांगायचं तर मलाही आतून कधी पटलं नव्हतं. दगड म्हणजे जो हलत नाही तो. एखादा माणूस ढिम्म असला की आपण त्याला दगडच म्हणतो.

भाची दोन वर्षं मेक्सिकोत नोकरीला होती. तिने फोनवर फर्मान काढलं, "दिवाळीच्या सुट्टीत ये. चाकांची बॅग आणायची नाही, पाठीवरची पिशवी आण." वय वर्षं बावन्न, डावा गुडघा कुरकुरणारा, आणि पाठीवर तिचीच कॉलेजातली जुनी सॅक. सॅकेत मेतकूट, लसणाची चटणी, आणि चहासाठी वेलदोड्यांची पुडी. त्या पुडीचं पुढे सांगते.

आंतिग्वा गाव सुंदर आहे, फार सुंदर आहे, इतकं की थोडं नटवल्यासारखं वाटतं. रंगवलेल्या बुटक्या घरांच्या मधे मधे छपरं नसलेली चर्च. ही मध्य अमेरिकेची राजधानी होती. 1773 च्या भूकंपांत पडली, म्हणून राजधानी हलवली, आणि पडलेलं गाव तसंच राहिलं. त्याच्या आधीची राजधानी जवळच होती. 1541 मध्ये शेजारच्या डोंगरावरून पाणी, चिखल आणि धोंडे असा लोंढा आला आणि ती गाडली गेली. त्या डोंगराचं नाव तेव्हापासून अग्वा, म्हणजे पाणी. गावाच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला आग, आणि मधल्या चौकात आइस्क्रीम विकणाऱ्यांच्या गाड्या. आम्हीही खाल्लं.

चढाई सुरू होते ला सोलेदाद नावाच्या वाडीपासून, साधारण 2,400 मीटरवर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून साडेसातशे मीटर वर उभं राहायचं आणि म्हणायचं, चला, सुरू करू. रस्त्याच्या कडेला पोरं काठ्या भाड्याने देत होती. मी दोन घेतल्या. ओझं उचलायला माणूस मिळतो हेही तिथेच कळलं. भाचीने भुवया उंचावल्या, पण बावन्नाव्या वर्षी भाचीच्या भुवयांना भ्यायचं नसतं. माझी सॅक ज्यांच्याकडे दिली ते माझ्याच वयाचे असतील. त्यांच्याकडे आधीच दोन सॅक होत्या. तिन्ही एकत्र बांधून त्यांनी एक रुंद चामडी पट्टा त्याखालून घेतला आणि कपाळावर अडकवला. सगळा भार मानेवर आणि कपाळावर. दोन्ही हात मोकळे. या पट्ट्याला मेकापाल म्हणतात. स्पॅनिश लोक येण्याआधी इथे ओझ्याची जनावरं नव्हती, तेव्हापासूनची ही रीत.

पहिला तास मक्याच्या शेतांमधून. वाट म्हणजे काळी भुसभुशीत राख, दोन पावलं वर गेलं की एक पाऊल खाली. दोन्ही बाजूंना कणसं काढलेला मका उभा, आणि त्याच ताटांवर चढलेले घेवड्याचे वेल. मी थांबून राख मुठीत घेतली. कोरडी आणि खरखरीत होती, बोटांमधून गळून गेली. याच मातीत हा मका! आमच्या शिवारातल्या काळ्या मातीची ही लहान बहीण, एवढंच की ती कोट्यवधी वर्षं मुरली आणि ही काल-परवा पडली. ओझेवाल्यांनी मला राख चिवडताना बघितलं आणि काहीतरी म्हणाले. भाचीने सांगितलं, "ते म्हणतायत, खत आहे, फुकट येतं."

मग ढगांतलं जंगल लागलं. झाडांवर शेवाळं, ओल, अंधार. त्यानंतर पाइनची झाडं. त्यानंतर काही नाही. माझ्याकडे या चढाचं वर्णन करण्यासारखं फार नाही, कारण तीन तास मी पुढच्या माणसाच्या बुटांच्या टाचा बघत होते. वाटाड्या दर दहा मिनिटांनी म्हणायचा, "देस्पासिओ", हळू. मला ते सांगायची गरज नव्हती. बारा जणांत मी शेवटची. ओझेवाले तिन्ही सॅक घेऊन माझ्या मागे, कारण माझ्या मागे कुणीतरी असायला हवं असं त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं.

तळ साधारण 3,600 मीटरवर. उतार खणून केलेली सपाटी, त्यावर तंबू आणि पत्र्याच्या खोपी. आम्ही पोचलो तेव्हा समोर नुसतं धुकं. एक डच पोरगा चिडून म्हणाला, एवढे पैसे भरले ते हे बघायला? मी बुटांतली राख झटकत बसले होते. तेवढ्यात धुक्यातून एक आवाज आला. कुठेतरी लांब डंपर खडी ओततोय असा. सगळे गप्प झाले. थोड्या वेळाने पुन्हा. दिसत काहीच नाही आणि समोर कुणीतरी खडी ओततंय.

पाचच्या सुमाराला धुकं पडदा ओढल्यासारखं बाजूला गेलं आणि फुएगो दिसला. मला पहिलं काय वाटलं असेल तर हे, की अरे, हा फळ्यावरच्यासारखाच आहे. तोच त्रिकोण, टोकाला तसाच किंचित कापलेला. आणि मग त्या टोकातून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा करडा ढग वर आला. पूर्ण शांततेत. मी मनात मोजायला लागले, वीज चमकल्यावर मुलांना मोजायला लावते तसं. एक, दोन, तीन... नवाला आवाज आला. नऊ सेकंद म्हणजे तीन किलोमीटर. दोन शिखरांमधलं अंतर साधारण तेवढंच आहे. आयुष्यात प्रथमच एक गणित माझ्या छातीवर येऊन आदळलं; तंबूचं कापड थरथरलं आणि माझ्या हातातला कपही.

अंधार पडला तसा करडा रंग गेला आणि लाल आला. हा लाल कुठल्याही खडूत नाही. ढग फुटायचा, निखारे उंच जायचे, हवेत क्षणभर रेंगाळल्यासारखे दिसायचे, मग उतारावर पडून घरंगळायचे. एकेक निखारा म्हणजे मोटारीएवढा धोंडा असू शकतो, असं वाटाड्याने सांगितलं. तीन किलोमीटरवरून ती चुलीतली ठिणगी वाटते. घरंगळता घरंगळता धोंडे काळे पडत आणि डोंगराचा आकार पुन्हा अंधारात बुडत असे. मग नऊ मोजायचे, की खडी ओतल्याचा आवाज. दगड जन्माला येताना असा आवाज करतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सातारा, पुणे, नाशिक सगळीकडे हेच चाललं असणार असं माझ्या मनात आलं. लगेच माझ्यातल्या शिक्षिकेने दुरुस्ती केली, की तिकडे असे शंकू नव्हते, भेगा होत्या, पसारा कितीतरी मोठा होता आणि ऐकायला कुणी नव्हतं.

"मावशी," भाची म्हणाली, "आपण ज्याच्यावर बसलोय तो कुठल्या रकान्यात?"

उत्तर मला माहीत होतं, म्हणूनच मी ते टाळत होते. अकातेनांगोचे उद्रेक विसाव्या शतकात नोंदले गेले आहेत, 1924 ते 27 च्या दरम्यान आणि पुन्हा 1972 मध्ये. 1972 साली मी जन्मलेही नव्हते, पण माझी मोठी बहीण, म्हणजे हिची आई, पाळण्यात होती. डोंगराच्या हिशेबात हा आत्ताच डोळा लागलेला. "निद्रिस्त," मी म्हणाले. "मग कुजबुजत बोलूया," ती म्हणाली.

जेवायला भात, काळा घेवडा आणि मक्याच्या पोळ्या. शाकाहारी माणसाचे या देशात हाल होत नाहीत. जेवणानंतर गरम चॉकलेट मिळालं; पण मला चहा हवा होता. मी वेलदोड्यांची पुडी काढली. ओझेवाल्यांनी ती हातात घेतली, एक वेलदोडा नाकाशी नेला आणि हसले. "कार्दामोमो!" त्यांचा मेहुणा उत्तरेत, आल्ता व्हेरापासच्या बागांत, वेलदोडे तोडायला जायचा. जगात सर्वात जास्त वेलदोडा परदेशी पाठवणारा देश म्हणजे ग्वातेमाला. तो अरबांच्या कॉफीत जातो, आपल्याकडच्या बाजारातही येतो. स्वतः इथली माणसं तो जवळजवळ खात नाहीत. म्हणजे मी साताऱ्याहून अर्धी पृथ्वी ओलांडून वेलदोडे आणले होते ते वेलदोड्यांच्या गावी. आणि ते कदाचित इथलेच असतील! आम्ही त्यांना तो चहा दिला. त्यांनी तो अगदी सभ्यपणे अर्धा प्यायला.

चहा पिता पिता भाचीने त्यांना 2018 बद्दल विचारलं. मला ते विचारायचं नव्हतं. ती तरुण आहे, विचारते.

3 जून 2018, रविवार. फुएगोचा मोठा उद्रेक झाला आणि तापलेली राख, वायू आणि धोंडे यांचा लोट एका घळीतून पलीकडच्या बाजूला खाली गेला. लाव्हा हळू चालतो, त्याच्यापुढून माणूस पळून जाऊ शकतो. हा लोट वेगळा, त्याच्यापुढे मोटारही टिकत नाही. सान मिगेल लोस लोतेस नावाचं गाव त्याखाली गेलं. शेकडो माणसं मेली किंवा कायमची बेपत्ता झाली. घळीवरच्या पुलावर उभी राहून काही माणसं मोबाईलवर तो ढग टिपत होती. ती चित्रफीत मी वर्गात दाखवली आहे. आधी मोठा फ्लॉवरचा गड्डा, मग तो जवळ, मग कुणीतरी ओरडतं. मुलं दर वेळी विचारतात, बाई, ते पळाले का नाहीत? आता त्या तळावर इकडेतिकडे बघितलं तर आम्ही बारा जण, बाराही मोबाईल त्याच डोंगराकडे रोखलेले.

ओझेवाले माती उपसायला गेले होते, चार दिवस. त्याबद्दल ते दोन वाक्यं बोलले. एक म्हणजे जमीन इतकी गरम होती की बुटांचे तळवे वितळले. दुसरं वाक्य बोलताना त्यांनी समोरच्या लाल डोंगराकडे हनुवटी केली. "इथून दिसते ती त्याची पाठ. तोंड पलीकडे आहे." मग कप विसळून ठेवला आणि झोपायला गेले.

त्या रात्रीचा एक जादा कार्यक्रम असतो. तळावरून खाली खिंडीत उतरायचं आणि समोर फुएगोच्याच कण्यावर चढायचं, जिथे नऊ मोजावे लागत नाहीत, तीन-चारच पुरतात. जाऊन-येऊन चारपाच तास, वेगळे पैसे. आमच्यातले सात जण गेले, भाचीसुद्धा. मी नाही गेले. गुडघ्याचं कारण दिलं आणि ते खोटं नव्हतं. पण खरं कारण पुलावरची ती माणसं. भाची रात्री उशिरा परत आली, केसांत राख, डोळे चमकत होते. "मावशी, अंगावर पाऊस पडावा तशी वाळू पडत होती!" तिला जो आनंद झाला तो मी नाकारत नाही. तिने आईला सांगू नकोस म्हणून बजावलं. मी सांगितलं नव्हतं. आता तिची आई हे वाचेल.

झोप कुणाला लागली नाही. स्लीपिंग बॅगेत मी, अंगावर ते जाकीट, दोन्ही हातांना मोजे. डावा भाड्याचा, उजवा पायातला. पहाटे चारला टॉर्च लावून शिखराकडे निघालो. शेवटचा टप्पा निव्वळ राखेचा, तिथे एक पाऊल वर गेलं की दीड खाली येतं की काय असं वाटतं. वर वारा असा, की उभं राहणं अवघड. सूर्य उगवला तेव्हा पूर्वेला अग्वा, पायाशी धुमसणारा फुएगो, दक्षिणेला धूसर पॅसिफिक, आणि पश्चिमेला एका ओळीत आणखी शंकू. किनाऱ्याजवळ समुद्राचा तळ, म्हणजे कोकोस भूपट्ट, कॅरिबियन भूपट्टाच्या खाली सरकतो आहे, खोल जाऊन वरचा खडक वितळवतो आहे, म्हणून किनाऱ्याला समांतर ही ज्वालामुखींची माळ. हे वाक्य मी सत्तावीस वर्षं शिकवलं. तिथे ते माळेसारखं खरोखर दिसलं. पश्चिमेच्या शंकूंकडे बोट दाखवून वाटाड्या म्हणाला, "त्यांच्यामागे आतित्लान. उद्या तुम्ही तिथे."

उतरणीबद्दल मी काही लिहिणार नाही. गुडघा अजून बोलतो आहे.

आतित्लान हे तळं आहे असं म्हणणं म्हणजे हत्तीला जनावर म्हणण्यासारखं. सुमारे 1,560 मीटर उंचीवर, जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याच्या पातळीला, एकशे तीस चौरस किलोमीटर पाणी. खोली तीनशे चाळीस मीटरपर्यंत. मध्य अमेरिकेत याहून खोल तळं नाही. दक्षिण काठावर तीन ज्वालामुखी उभे: सान पेद्रो, तोलिमान आणि आतित्लान. पाहणाऱ्याचं लक्ष त्या तिघांकडे जातं. पण भूगोलाच्या बाईंना विचाराल तर खरा ज्वालामुखी ते तीन नव्हेत. ज्यात पाणी आहे तो. सुमारे ऐंशी हजार वर्षांपूर्वी इथे इतका प्रचंड स्फोट झाला की त्याची राख फ्लोरिडापासून इक्वेडोरपर्यंत सापडते. खालची कोठी रिकामी झाली, वरची जमीन आत कोसळली, आणि त्या खड्ड्यात पाऊस साठला. आम्ही ज्या लाँचमधून चाललो होतो ती एका प्रचंड मुखावरून चालली होती.

पानाहाचेलहून दुपारी निघालो ही चूक. सकाळी हे पाणी आरशासारखं असतं आणि दुपारी शोकोमील नावाचा वारा सुटतो. ज्याला विचारावं तो सांगतो, सकाळी जा. आम्ही विचारलं नाही. लाँच प्रत्येक लाटेवर उचलली जायची आणि लाकडाच्या फळीसारखी खाली आपटायची. शेजारच्या आजीबाईंनी मांडीवरच्या कोंबडीच्या टोपलीवर प्लास्टिक ओढलं, अर्धं माझ्या सॅकवर घातलं आणि समोर बघत बसल्या. आम्ही नखशिखांत भिजलो. कोंबडी कोरडी राहिली.

काठावर राखाडी दगड तरंगत होते. भाचीला वाटलं थर्माकोल. मी एक उचलून दिला: आतून नुसती भोकं, वजन नावाला. फेसाळलेला शिलारस तसाच गोठला की असा दगड होतो. आपण टाचा घासायला वापरतो तो हाच. आमच्याकडच्या दगडातही भोकं होती. ती कोट्यवधी वर्षांत खनिजांनी भरून गेली, खाणीत पांढरे स्फटिक सापडतात ते त्या भोकांतले. "म्हणजे आपल्याकडे भरलेले आणि इथे रिकामे," ती म्हणाली आणि तो पाण्यात फेकला. बुडाला नाही.

सान हुआन ला लागुना या गावात आम्ही चार रात्री राहिलो, एका घराच्या वरच्या खोलीत. इथले लोक माया वंशाचे, भाषा त्सुतुहिल. घरमालकीण पस्तिशीची, सकाळी पाचला तिच्या स्वयंपाकघरातून जो आवाज यायचा तो मला डोळे मिटूनही कळला असता. थप, थप, थप. भाकरी थापल्याचा. मी खाली गेले. मका रात्री चुन्याच्या पाण्यात उकडून ठेवतात. सकाळी चोळून धुतला की साल निघून जाते, मग दळायचा. चुन्यामुळे मक्यातलं एक जीवनसत्त्व अंगाला लागतं. नुसता मका खाणाऱ्या युरोपी शेतकऱ्यांना त्याच्याअभावी रोग झाले. त्यांनी इथून मका नेला आणि चुना न्यायचं विसरले. तिच्या कोपऱ्यात आजीचा पाटा होता, तीन पायांचा, लाव्ह्याच्या दगडाचा. गिरण आल्यापासून तो फक्त मिरचीला. आमच्या घरीही पाट्याचं हेच झालं.

तिने मला लिंबाएवढा गोळा दिला. मी परातीशिवाय, नुसत्या दोन हातांवर, सवयीने मोठी करत गेले. ती हसायला लागली. इथली पोळी तळहाताएवढी आणि जाडसर, माझी ताटाएवढी. माझी मातीच्या तव्यावर फाटली. तिने दोन्ही तुकडे जोडून भाजले, मीठ लावलं आणि मलाच खायला दिले. "माल्त्योश," मी म्हणाले. त्यांच्या भाषेत धन्यवाद. एवढा एकच शब्द शिकले होते.

दिवसा ती कमरेला पट्टा बांधून मागावर बसायची. मागाचं एक टोक खांबाला, दुसरं तिच्या कमरेला. ताण हवा तर मागे रेलायचं, नको तर पुढे. सूत कोचिनियल किड्यांनी, झाडांच्या सालींनी, निळीने रंगवलेलं. दुकानात ओढणीचा भाव विचारून एक जोडपं "फार महाग" म्हणत निघून गेलं. तिला ती विणायला किती दिवस लागले हे त्यांनी विचारलं नाही.

एक दिवस लाँचने सांतियागोला गेलो. तिथे माशिमोन आहे, लाकडाचा देव म्हणा, संत म्हणा. अंगावर रेशमी रुमाल, तोंडात चिरूट, पुढ्यात दारू. तो देवळात राहत नाही, दरवर्षी एका घरी मुक्काम बदलतो. म्हसोबा-मुंजाच्या ओळखीच्या मराठी माणसाला त्याच्यासमोर परकं वाटत नाही. गावाबाहेर मात्र एक बाग आहे, तिथे शांत वाटत नाही. 2 डिसेंबर 1990 ला सैन्याने निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडल्या, तेराचौदा माणसं मेली, त्यात मुलंही. त्यानंतर गावाने सैन्याला गावातून घालवलं, आणि सैन्य गेलं. देशातलं यादवी युद्ध संपायला 1996 उजाडलं. डोंगराच्या रागाबद्दल इथे येणारा प्रत्येक जण विचारतो. या बागेत आम्ही दोघीच होतो.

या तळ्याला बाहेर पडायला वाट नाही, आपल्या लोणारसारखी. पण लोणारचं पाणी फक्त उन्हाने आटतं म्हणून खारं, आणि हे जमिनीखालून झिरपत जातं म्हणून गोडं. झिरपणं कमीजास्त झालं की पातळी चढते, उतरते. 1976 च्या मोठ्या भूकंपानंतर ती उतरली होती. पुढे चढली. इथे एक टिबुकलीसारखा पक्षी होता, पोक नावाचा, जगात फक्त याच तळ्यात. 1958 साली परदेशी शिकाऱ्यांच्या हौसेसाठी बास मासे सोडले, ते पोकच्या पिलांवर आणि खाण्यावर तुटून पडले. काठावर घरं झाली, बोरू कापला गेला. 1980 च्या दशकाअखेर पोक संपला. पाण्याखाली एक गावही आहे, सामाबाह, दोन हजार वर्षांपूर्वीचं. 1990 च्या दशकात एका पाणबुड्याला सापडलं.

शेवटच्या संध्याकाळी घरमालकिणीने आम्हाला काठ दाखवला. पाण्यातून एका बंगल्याचा वरचा मजला बाहेर आलेला, खिडक्यांना काचा नाहीत, आत लाटा. बाहेरच्या माणसाने काठालगत जागा घेऊन बांधलेला. "आजोबा म्हणायचे, वर बांधा," ती म्हणाली, "खाली तळं राहतं." गावाचा धक्का तिच्या आठवणीत तीनदा मागे सरकवला आहे. जुने खांब दोन ओळींत पाण्यात उभे होते. त्यांवर बगळे.

मी तिला विचारलं, तो सान पेद्रो, तो झोपलाय की मेलाय? भाचीने स्पॅनिशमध्ये केलं. घरमालकिणीने डोंगराकडे न बघता उत्तर दिलं, की तिच्या भावाची वरच्या अंगाला कॉफी आहे आणि यंदा बरी आली.

कुणाला जायचं असेल तर नोव्हेंबर ते मार्चमध्ये जा, पाऊस नसतो. जाकीट भाड्याने मिळेल, हातमोजे दोन्ही आहेत का बघून घ्या. ओझं माणसाकडे द्या आणि त्याचे पैसे त्याच्या हातात द्या. समोरच्या कण्यावर जायचं की नाही हे आधीच पैसे भरून ठरवू नका, त्या दिवशी डोंगर बघून आणि वाटाड्याला विचारून ठरवा. लाँच सकाळची पकडा. आणि चहाची सवय असेल तर वेलदोडे इथूनच न्या. जगाला वेलदोडा पुरवणाऱ्या त्या देशात पानाहाचेलच्या बाजारात मी तीन दुकानं फिरले. एकाकडेही नव्हता.